आगटीवरचे घड्याळ आणि झाशीची आठवण

१

झाशीच्या राजवाड्यातील चीजवस्तूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न मराठी मनात दीडशेहून अधिक वर्षे घोळत राहिला आहे. त्यामागे निव्वळ कुतूहल नाही. नेवाळकर घराण्याचे ग्रंथ आणि संपत्ती एप्रिल १८५८ मध्ये थोड्या दिवसांत उधळली गेली; ज्याचे कागद नाहीसे झाले त्याच्या इतिहासाला वस्तूंचा आधार हवासा वाटतो. त्यामुळे त्या गावात एखादी जुनी, मोलाची आणि परदेशी घडणीची वस्तू नजरेस पडली, की ती राणीच्या महालातीलच असावी असे म्हणावेसे वाटते. ही ओढ समजण्याजोगी आहे. परंतु मनाची ओढ आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतील अंतर ओळखणे हे इतिहासाचे, आणि समीक्षेचेही, पहिले काम होय.

अशी ओढ लावणाऱ्या वस्तूंत आगटीवरच्या फ्रेंच घड्याळाचा क्रमांक बराच वर लागेल. हातभर उंचीची लाकडी पेटी, तिच्यावर कासवाच्या तांबूस कवचात बसविलेली पितळी वेलबुट्टी, कोपऱ्यांवर मुलामा दिलेले मुखवटे आणि पाने, मधोमध रोमन आकड्यांची तबकडी: असे हे घड्याळ पाहणाऱ्याला एकदम एखाद्या दरबारात घेऊन जाते. समजा, झाशीच्या सीपरी बाजारात जुन्या सामानाच्या एखाद्या दुकानी असे घड्याळ समोर आले आणि ते राणीच्या वाड्यातले असल्याचे सांगण्यात आले, तर त्या सांगण्याची परीक्षा कशी करावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास झाशीच्या इतिहासाचे आणि त्या इतिहासाच्या मराठी साधनांचे एक वेगळेच अंग नजरेस येते.

२

प्रथम स्थळाचा विचार. सीपरी बाजार हा राणीच्या झाशीचा भाग नव्हे. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली येथील टेकडीवर किल्ला उभारला. पेशव्यांचा सुभेदार नारो शंकर १७४२ मध्ये येथे आला. त्याने किल्ला वाढविला आणि पायथ्याशी शहर वसविले. पुढे नेवाळकरांच्या काळात भरभराटीस आलेली झाशी ती हीच, किल्ल्याच्या कुशीतली. सीपरी बाजार मात्र या शहराच्या पश्चिमेकडे, रेल्वेमार्गापलीकडे, सीपरीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. सीपरी म्हणजे आजची शिवपुरी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी. मूळ गावाचे नाव बदलले. त्या गावाच्या वाटेवरील बाजाराने मात्र जुने नाव टिकवून धरले आहे.

या भागाला महत्त्व आले ते रेल्वेमुळे. राणीच्या मृत्यूनंतर १८६१ मध्ये झाशीचा किल्ला व शहर इंग्रजांनी शिंद्यांच्या स्वाधीन केले, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते परत घेतले. म्हणजे राणीनंतरही सुमारे पंचवीस वर्षे झाशी एका मराठी संस्थानिकाच्या अंमलाखाली होती, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, इंडियन मिडलंड रेल्वे झाशीस पोचली. १८९५ मध्ये तेथे रेल्वेचा मोठा कारखाना निघाला, आणि १९०० मध्ये हा सारा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे आला. अधिकाऱ्यांचे बंगले, क्लब, छावणी, कारकुनांची आणि कामगारांची घरे अशी एक नवी झाशी किल्ल्यापासून दूर उभी राहिली.

घड्याळाच्या दृष्टीने या नव्या झाशीत एक गोष्ट होती, जी जुन्या झाशीत नव्हती: भिंतीतील आगटी आणि तिच्यावरची फळी. उत्तर हिंदुस्थानातील थंडीसाठी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून अशा आगट्या बांधीत. मराठी वाड्यात कोनाडा असतो, देवळी असते, फडताळ असते. आगटीवरची फळी नसते. फ्रेंच घड्याळ त्याच फळीसाठी घडविलेले असते. त्याची पाठ बहुधा साधी ठेवलेली असते, कारण ती भिंतीकडे किंवा आरशाकडे वळलेली राहायची असते. दरबाराच्या मध्यभागी मांडले तर ते पाठीमागून उघडे पडते. छावण्यांच्या गावांतून अधिकारी बदलून जात, निवृत्त होत, आणि त्यांच्या घरातील सामान लिलावात निघे. १९४७ च्या सुमारास तर अशा लिलावांची रीघ लागली. तेव्हा सीपरी बाजारात समोर आलेल्या घड्याळाच्या पाठीशी पहिला संभव उभा राहतो तो राजवाड्याचा नसून रेल्वेच्या बंगल्याचा.

३

तथापि दुसरा संभव अगदीच टाकाऊ आहे असे नाही. गंगाधररावांच्या दरबाराला युरोपीय वस्तूंचे वावडे नव्हते. संस्थान खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणीने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी झाशीस बोलाविले. त्याने आपल्या प्रवासाचे जे वर्णन लिहिले आहे, त्यात त्याच्या गाडीला जोडलेले धिप्पाड घोडे फ्रेंच जातीचे होते आणि दिवंगत राजाने ते फ्रान्सहून मुद्दाम आणविले होते, असे सांगितले आहे. ज्या राजाने समुद्रापलीकडून जिवंत घोडे आणविले, त्याला पेटीत बसणारे घड्याळ आणविणे कठीण नव्हते. शिवाय फ्रेंच माणसांचा आणि फ्रेंच रीतिभातींचा या मुलुखाला परिचय होता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये नोकरीस घेतलेला सॅव्हॉयचा द बॉइन्य आणि त्याच्यामागून आलेला पेरों यांनी उभारलेल्या कवायती पलटणींना १८०३ पर्यंत उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणात मोठे वजन होते.

म्हणून झाशीच्या वाड्यात फ्रेंच घड्याळ असू शकले असते, एवढे म्हणता येते. परंतु असू शकणे म्हणजे असणे नव्हे. आणि असलेच तरी ते टिकले, हे त्याहूनही वेगळे आहे. सर ह्यू रोजच्या सैन्याने मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात झाशीला वेढा घातला, ३ एप्रिलला ते तट ओलांडून आत शिरले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री राणी किल्ल्यातून निघून गेली. पुढे जे घडले त्याचा मराठीतील प्रत्यक्षदर्शी साक्षी विष्णुभट गोडसे हा आहे. त्याच्या कथनात लुटीलाही एक क्रम आहे: आधी सोने-नाणे आणि जडजवाहीर, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, धान्य. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाशही त्याने पाहिला. पोथ्यांची बासने काढून घेतली गेली आणि पोथ्या वाऱ्यावर गेल्या. भिक्षुकी करणाऱ्या, संस्कृत जाणणाऱ्या त्या ब्राह्मणाला सर्वांत अधिक दुखले ते येथे.

या क्रमात घड्याळाचे स्थान कोठे? ते सोने नव्हते, पण सोन्यासारखे चमकत होते. ते भांडे नव्हते, पण त्यात पितळ होते. युद्धातील लुटीत आरसे आणि झुंबरे यांची जी गत होते, तीच नाजूक जडावाच्या घड्याळाची होण्याचा संभव अधिक. मुलाम्याचे मुखवटे उपटले जातात, पितळ वितळविले जाते, लाकूड जळते. राजवाड्यातील घड्याळ जसेच्या तसे राहून पुढे बाजारात यावे, यासाठी ज्या योगायोगांची साखळी लागते, तिची एकही कडी कागदावर दाखविता येत नसेल, तर इतिहासाने तेथे थांबावे हे उचित.

४

पण वस्तूला कागद नसले तरी ती अगदी मुकी नसते. फ्रेंच घड्याळाच्या अंगावर त्याच्या वयाच्या खुणा असतात, आणि त्या वाचता येतात. येथे एक भेद आरंभीच करावयास हवा: पेटी वेगळी आणि यंत्र वेगळे. दोन्ही एका हातची नसतात, पुष्कळदा एका गावचीही नसतात.

पेटीवरील जडावाला आंद्रे-शार्ल बूल याचे नाव चिकटलेले आहे. हा १६४२ मध्ये जन्मला, १६७२ मध्ये चौदाव्या लुईच्या पदरी आला आणि १७३२ मध्ये वारला. हे काम त्याने शोधून काढले असे नव्हे. पण त्याने ते पूर्णत्वास नेले. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पापुद्रा एकमेकांवर ठेवून, वर नक्षीचा कागद चिकटवून, दोन्ही एकदमच बारीक करवतीने कापतात. एका कापणीतून नक्षीच्या दोन जोड्या निघतात. एकीत कवचाच्या भुईवर पितळेची वेल असते. तिला प्रमिएर पार्ती म्हणतात. दुसरीत पितळेच्या भुईवर कवचाची वेल असते. ती कोंत्र पार्ती. रेघ तीच असते, पण उजेड आणि सावली यांची अदलाबदल होते. नंतर हे तुकडे सरसाने लाकडावर बसवितात. कवचाखाली तांबडा रंग दिलेला असला तर तो वर झिरपल्यासारखा दिसतो. ज्यांनी सुरत-मुंबईकडील सदेली कामाच्या पेट्या पाहिल्या आहेत, त्यांना ही जात परकी वाटणार नाही. तेथेही हस्तिदंत, शिंग, कथील यांच्या कांड्या एकत्र बांधून त्यांच्या चकत्या काढतात आणि त्या चंदनाच्या पेटीवर चिकटवितात.

मात्र बूलच्या तऱ्हेची पेटी म्हणजे बूलच्या काळची पेटी, असे समीकरण मांडू नये. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५२ ते १८७० या काळात, जुन्या राजांच्या थाटाची ही नक्कल पॅरिसच्या मध्यमवर्गात अतिशय लोकप्रिय झाली. जगभर विखुरलेली अशी घड्याळे बहुतांशी या लाटेतील आणि तिच्या नंतरची आहेत. दरबारी दिसणारी वस्तू व्यापाऱ्याच्या किंवा इंजिनियरच्या दिवाणखान्यासाठी बनविलेली असते, हा त्यातील उपरोध होय.

यंत्राची साक्ष याहून काटेकोर असते. ही यंत्रे अर्धवट तयार स्थितीत पूर्व फ्रान्समध्ये, तसेच नॉर्मंडीतील सँ-निकोला-दालिएर्मों येथे बनत आणि पॅरिसला पूर्ण होत. फ्रेदेरिक जापी याने बोकूर येथे अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात यंत्रांच्या साहाय्याने घड्याळांचे भाग काढावयास आरंभ केला, तेव्हापासून हा धंदा कारखान्याचा झाला. अशा यंत्रात लंबक आधी रेशमाच्या दोऱ्याला टांगलेला असे. १८४० च्या सुमारास ब्रोको पितापुत्रांनी पोलादी पट्टीची टांगणी प्रचारात आणली. तिच्यामुळे तबकडीवर बाराच्या आकड्यापाशी लहानशा किल्लीने वेळ मागेपुढे करता येऊ लागली. बाराच्या वर ते बारीक चौकोनी टोक दिसले, की यंत्र त्या शोधानंतरचे. मागच्या पितळी पत्र्यावर मार्ती कंपनीचा शिक्का आणि त्यात १८८९ किंवा १९०० च्या प्रदर्शनातील पदकाचा उल्लेख असला, तर वादच मिटतो. ते घड्याळ राणीने पाहिलेले असणे शक्य नाही.

त्याच पत्र्यावर आणखी दोन आकडे असतात, आणि ते फार बोलके आहेत. एक यंत्राचा अनुक्रमांक. तोच लंबकाच्या गोळ्यावरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळत नसतील तर लंबक दुसऱ्या कोणा घड्याळाचा आहे. दुसरा आकडा लंबकाच्या लांबीचा, आणि तो जुन्या फ्रेंच मापात, पूस आणि लीन्य यांत, दिलेला असतो. ज्या देशाने १७९५ मध्ये मीटरची पद्धत कायद्याने आणली, त्या देशातील घड्याळजी पुढेही कित्येक दशके राजांच्या काळातील इंच-रेषांनीच लंबक मोजीत राहिले. त्याच क्रांतीने १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास करण्याचाही फर्मान काढला होता. दोन वर्षे पुरती होण्याच्या आत तो गुंडाळून ठेवावा लागला. काळ मोजण्याच्या सवयी राज्ये बदलल्याने बदलत नाहीत, हे त्या पत्र्यावरील दोन आकडे सांगतात.

ठोक्यांच्या रचनेचाही असाच उपयोग होतो. जुन्या यंत्रात खाचा असलेले एक मोजणीचे चक्र असते. ते पुढचा ठोका देते तो काटे पाहून देत नाही, आपलाच मागचा ठोका धरून देते. काटे हाताने फिरविले किंवा ठोक्यांची कमान आधी उतरली, की काटे चार दाखवितात आणि घंटा सात वाजविते; पुन्हा दोहोंची गाठ घालून दिल्याखेरीज ती चूक तशीच चालत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना मागे पडून, काट्यांशी बांधलेली दुसरी रचना आली. दंतकथेची चालही त्या जुन्या चक्रासारखी असते. ती आपल्या मागच्या कथनावरून पुढचे कथन करीत जाते. प्रत्यक्ष काळाशी ताडून पाहण्याची सोय तिच्यात नसते.

५

पेटी आणि यंत्र यांत भेद करण्याची ही दृष्टी मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवी नाही. झाशीच्याच बाबतीत तिचा प्रत्यय येऊन चुकला आहे. विष्णुभट गोडसे कोकणातील वरसईचा. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने तो १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याने आपली हकीकत लिहून काढली. लेखकाच्या हयातीत ती छापली गेली नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. पण प्रसिद्ध करताना भाषा साफसूफ केली, मजकूर गाळला, बदलला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचीत होता, त्यात यंत्र गोडशांचे आणि पेटी बव्हंशी वैद्यांची होती. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून पाठ सिद्ध केला, तेव्हा कोठे दोहोंतील सांधा दिसू लागला.

यात वैद्यांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. परकी सत्ता असताना ते पुस्तक वाचकांच्या हाती पडले, ही त्यांचीच कामगिरी. हिंदी वाचकाला ही हकीकत अमृतलाल नागर यांच्या अनुवादाने मिळाली, तीही वैद्यांच्याच पाठावरून. अनुवाद हा मुळाचा कोंत्र पार्ती असतो: कापणी तीच, पण जेथे एकाचे पितळ चमकते तेथे दुसऱ्याची भुई दिसते. नागरांच्या हिंदीत गोडशांचा भिक्षुकी मराठी ठसका येणे शक्य नव्हते. उलट बुंदेलखंडाची ओळखीची हवा तीत आली असल्यास नवल नाही. परंतु मुळातला तुकडाच जर कोणी मध्ये बदलला असेल, तर जोडीचा तुकडा त्याबरहुकूम बदलणार. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ मधील राणीचे चरित्र, वैद्यांचा १९०७ चा पाठ आणि पोतदारांचा १९६६ चा पाठ हे तिन्ही समोर ठेवून वाचणारा अभ्यासक जे करतो, तेच घड्याळाचा मागचा पत्रा उघडून अनुक्रमांक ताडून पाहणारा कारागीर करीत असतो. दोघांचाही प्रश्न एकच: हा भाग मूळचा, की मागून बसविलेला?

६

घड्याळाचे परीक्षण येथे संपविता आले असते. परंतु त्याच्या येण्याने झाशीत काय बदलले, हा प्रश्न उरतोच, आणि तो राणीच्या मालकीच्या प्रश्नाहून मोठा आहे.

मराठीत वेळ विचारताना ‘किती वाजले?’ असे विचारतात. काल हा येथे आधी ऐकावयाचा विषय होता. घटिका म्हणजे लहान घट. बुडाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडून ते भरेपर्यंतचा काळ ती एक घटका, आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे. अशा साठ घटकांचा दिवस, साठ पळांची घटका. घड्याळ या शब्दाच्या पोटातही हीच घटी आहे. फारसीतून आलेला तास हा शब्दही मुळात धातूच्या भांड्याचा, आणि मग ज्या थाळीवर टोले देत तिचा. मराठीने काळाची नावे भांड्यांवरून घेतली आहेत. भांडे भरले, थाळी वाजली, म्हणजे वेळ झाली. गोडशांच्या पिढीचा माणूस प्रहर आणि घटका यांनीच दिवस मोजीत असे. वेढ्याच्या इंग्रजी हकीकतीत घड्याळी तास असतात; त्यामुळे एकाच रात्रीच्या दोन वर्णनांची सांगड घालताना अभ्यासकाला आधी मापे जुळवावी लागतात.

फ्रेंच घड्याळही घंटेवर तास आणि अर्धा तास वाजवून दाखविते, म्हणून कानाला ते अगदीच उपरे वाटले नसावे. फरक पडला तो वेळ कोणाची, या मुद्द्यावर. घटिकापात्र सूर्योदयापासून मोजते, आणि सूर्योदय प्रत्येक गावचा आपला असतो. रेल्वेला हे परवडत नाही. १८७० नंतर हिंदुस्थानातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या, आणि ती वेळ तारेने स्टेशनास्टेशनांवर पोचे. मद्रास झाशीच्या पूर्वेस पावणेदोन अंशांच्या आसपास आहे. म्हणजे झाशीच्या माथ्यावर सूर्य यावयाच्या आधी पावणेसात मिनिटे झाशी स्टेशनात दुपार होई. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ आली आणि हे अंतर पावणेसोळा मिनिटांच्या घरात गेले. मुंबईकरांनी या नव्या वेळेशी दीर्घकाळ भांडण मांडले. तेथील म्युनिसिपालिटीची घड्याळे १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटे मागे राहिली. झाशीत रेल्वेची वसाहत आणि जुने शहर यांच्यामध्ये मात्र ही मिनिटे रुळांसारखी पसरली. बंगल्यातील आगटीवरचे घड्याळ स्टेशनाशी जुळलेले असणार; शहरातील मराठी घरांत लग्नाची घटिका पंचांगाशी आणि सूर्याशी.

या दोन काळांच्या सीमेवर हिंदी साहित्यातील एक मोठे पर्व सुरू झाले, हे येथे नमूद करावयास हवे. महावीरप्रसाद द्विवेदी हे तारेचे काम शिकून रेल्वेत शिरले आणि त्या नोकरीत झाशीस आले. मराठी त्यांना चांगली अवगत होती. १९०३ मध्ये त्यांनी ‘सरस्वती’ मासिकाचे संपादन हाती घेतले ते झाशीच्या रेल्वेतील नोकरी सांभाळून. पुढच्याच वर्षी वरिष्ठाशी मतभेद होऊन त्यांनी ती नोकरी सोडली. दिवसा जी तार गाड्यांची वेळ सांगे तिच्यापाशी बसणारा हा मनुष्य रात्री हिंदी गद्याला शिस्त लावीत होता. व्याकरणाची एकवाक्यता, लेखनाचा नियमितपणा, अंक वेळेवर निघणे यांविषयीचा त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे. तो सगळा रेल्वेने दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण नव्या झाशीतून देशाला काय मिळाले याचा हिशेब मांडताना लोखंडी कारखान्याच्या जोडीला हे खातेही धरावे लागेल.

झाशीच्या हवेने त्या घड्याळांचे काय केले, हेही सांगून टाकावे. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातल्या रात्री दहाच्या खाली उतरतो. तीस अंशांच्या फरकाने पोलादी दांडीचा लंबक लांबतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे पंधरा सेकंद मागे पडते. ते किल्लीने दुरुस्त करता येते. जडावाचे तसे नाही. लाकूड, पितळ आणि कवच ही तिन्ही उष्णतेला आणि कोरडेपणाला वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिसाद देतात. सरस वाळून भुरभुरीत होतो, आणि पितळी वेल आपल्या खाचेतून हळूहळू वर उचलू लागते. पुसणाऱ्याच्या फडक्यात ती अडकते, वाकते, तुटते. पॅरिसच्या दमट खोलीसाठी केलेले काम बुंदेलखंडात याच वाटेने झिजते. ज्या घड्याळाची प्रत्येक वेल आपल्या जागी चपखल बसलेली आहे, ते येथे शंभराहून अधिक उन्हाळे काढून आले, यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

७

तेव्हा सीपरी बाजारातील त्या कल्पिलेल्या घड्याळाविषयी निर्णय असा: पत्र्यावरील शिक्का, बाराजवळचे चौकोनी टोक, ठोक्यांचे चक्र आणि लंबकावरचा आकडा यांच्या साक्षीने ते बहुधा रेल्वेच्या काळचे ठरेल. त्याचा मालक कोणी वाहतूक अधिकारी किंवा कारखान्याचा इंजिनियर असेल. पुढे ते लिलावात गेले, एखाद्या दुकानदाराच्या हाती आले, आणि तेथे त्याला राणीचे नाव मिळाले. हे नाव काढून घेतल्याने घड्याळ दरिद्री होत नाही. त्याच्याजवळ स्वतःचा इतिहास आहे: पूर्व फ्रान्समधील कारखाना, पॅरिसचे दुकान, समुद्र, मुंबई, आणि शेवटी अशा एका वसाहतीतील आगटी, जिच्या भोवती झाशीचे अर्धे आयुष्य आज उभे आहे.

राणीला तर त्याची मुळीच गरज नाही. २०२१ च्या अखेरीस झाशीच्या रेल्वे स्टेशनाला तिचे नाव देण्यात आले. जी रेल्वे तिच्यानंतर एकतीस वर्षांनी आली, तिच्या पाटीवर आता ती आहे. हा समाजाने जाणूनबुजून केलेला गौरव आहे, आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. खोट्या अवशेषाची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या राजवाड्यातून जे गेले ते गेले. गोडशांनी ज्या पोथ्यांसाठी हळहळ केली, त्यांच्या जागी कोणी नव्या पोथ्या जुन्या म्हणून ठेवू लागला, तर ती हळहळच खोटी ठरेल. नुकसानीचा आकार नीट राखणे हेही एक जतन आहे. वाड्यातील रिकामा कोनाडा रिकामाच दाखविणारा इतिहासकार लुटीची जी कल्पना देऊ शकतो, ती तेथे सुंदर फ्रेंच घड्याळ मांडणाऱ्याला देता येणार नाही.

आणि ते घड्याळ जर चालू असेल, तर त्याला आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी, ठोके आणि काटे यांची गाठ घालून द्यावी, आणि उचललेल्या वेली जाणत्या कारागिराकडून बसवून घ्याव्यात. मागचा पत्रा मात्र घासून चकचकीत करू नये. त्यावरच्या खुणा पुढच्या वाचकासाठी आहेत.